लायब्ररीतून आजची मराठी कादंबरी कशी निवडायची : बडोदेकरांसाठी

बडोद्यातल्या कुठल्याही मराठी घरात जा, दांडिया बाजारातला जुना वाडा असो नाहीतर गोत्रीकडचा नवा फ्लॅट, शोकेसमध्ये मृत्युंजय, स्वामी, ययाती आणि पु.लं.ची चार पुस्तकं असतातच. आजोबांनी किंवा आईने घेतलेली. त्यानंतर मराठीत काय आलं असं विचारलं की मंडळी एकदम गप्प, फार तर कोणीतरी म्हणतं की "हल्ली तसं कोणी लिहीत नाही". लिहितात हो, भरपूर लिहितात, पण आपल्यापर्यंत पोचत नाही कारण इथे मराठी पुस्तकाचं दुकान कोपऱ्यावर नाही, ऑनलाइन मागवायचं तर साडेतीनशे-चारशे रुपये घालून अनोळखी लेखकावर डाव लावायचा, आणि नाही आवडलं तर काय करायचं. म्हणून लायब्ररी. लायब्ररीचं पुस्तक तिसाव्या पानावर सोडून दिलं तरी कोणाला हिशोब द्यावा लागत नाही, हा तिचा सगळ्यात मोठा फायदा आणि तोच कोणी वापरत नाही.

तर आधी जागा. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. अमेरिकेतली ग्रंथालयं बघून आलेल्या सयाजीरावांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला इथे आणलं आणि राज्यभर फुकट वाचनालयांचं जाळं सुरू झालं, खेडोपाडी लाकडी पेट्यांतून पुस्तकं फिरायची. आतला पुस्तकांचा स्टॅक लोखंडी आहे आणि मजल्यांची जमीन जाड काचेची, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत यावा म्हणून. ज्यांनी नुसती बाहेरून पाहिलीय त्यांनी एकदा त्या काचेसाठी तरी जावं. लायब्ररी आता गुजरात सरकारची आहे, गुजरातीचा भाग मोठा असणार हे उघडच, पण गायकवाडी काळापासून जमत आलेली मराठी पुस्तकं आहेत. शिवाय युनिव्हर्सिटीची हंसा मेहता लायब्ररी आहे, तिथे घरात कोणी विद्यार्थी किंवा प्राध्यापक असेल तर त्याच्या कार्डाचा विचार करा (प्रेमाने मागा, पुस्तक वेळेवर परत द्या, नाहीतर भाचा पुन्हा कार्ड देणार नाही).

मेंबर होताना साधारण लागतं ते म्हणजे फोटो, पत्त्याचा पुरावा, आधारची झेरॉक्स, थोडं डिपॉझिट. काही ठिकाणी जामीन म्हणून कोणाची तरी सही मागतात. नियम बदलत राहतात, त्यामुळे पहिल्या फेरीत फक्त फॉर्म आणा आणि तीन गोष्टी विचारून या : एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, आणि रिन्यू करायला पुस्तक बरोबर आणावं लागतं का फोनवर चालतं. हा तिसरा प्रश्न आत्ता क्षुल्लक वाटेल, जाड कादंबरी घरी आली की कळेल.

आता कपाट शोधणं. काउंटरवर सरळ गुजरातीत विचारा, "मराठी नवलकथानुं कबाट क्यां छे?" 'कादंबरी' म्हणालात तर समोरचा कदाचित बाणभट्टाकडे पाठवेल. बऱ्याच ग्रंथालयांत ड्युई पद्धतीचे (प्रत्येक विषयाला ठरलेला आकडा देणारी पद्धत) नंबर असतात, त्यात मराठी साहित्य ८९१.४६ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. गुजराती ८९१.४७, म्हणजे अगदी शेजारी, हिंदी ८९१.४३. हे पाठ असलं की कोणाला न विचारता फिरता येतं. पण एक लक्षात ठेवा, लिपी एकच असल्यामुळे मराठी पुस्तकं हिंदीच्या कपाटात जाऊन बसतात, आणि नावावरून विषय ठरवला की आणखी गंमत. एका ग्रंथालयात (नाव घेत नाही) मिलिंद बोकीलांची 'शाळा' मला शिक्षणशास्त्राच्या रांगेत मिळाली होती, बी.एड.च्या गाइडांच्या मधोमध. तेव्हापासून नेमाड्यांची 'हिंदू' कुठे सापडली नाही तर मी धर्माच्या कपाटाकडे पण एक चक्कर मारते.

कॉम्प्युटरवर शोधत असाल तर पुस्तकाच्या नावापेक्षा लेखकाच्या आडनावाने शोधा, कारण रोमनमध्ये मराठी नाव कोणी कसं टाइप केलंय याचा भरवसा नाही, एकच नाव तीन स्पेलिंगांनी असतं. कविता महाजनांची 'ब्र' रोमनमध्ये टाइप करून बघा म्हणजे पटेल. महाजन टाका आणि खाली उतरत जा.

कपाटापाशी पोचलात. आता खरं काम, आणि इथे घाई नको.

पहिलं म्हणजे पुस्तकाच्या मागच्या किंवा पुढच्या कोऱ्या पानावर तारखांचे शिक्के मारलेली चिठ्ठी असते ती बघा. कॉम्प्युटर आल्यावर काही ठिकाणी ती बंद झालीय पण जुन्या प्रतींत अजून चिकटलेली सापडते. एका वर्षात धडाधड शिक्के आणि नंतर शुकशुकाट असेल तर त्या वर्षी पुस्तकावर सिनेमा आला असेल किंवा बक्षीस मिळालं असेल, लोकांनी नावासाठी नेलं. पण दोन-तीन वर्षांनी एक असे तुरळक शिक्के बऱ्याच काळात पसरलेले दिसले तर मला तरी ते पुस्तक जास्त भरवशाचं वाटतं, कोणीतरी कोणाला तरी सांगतंय त्याच्याबद्दल.

दुसरं, बाइंडिंग. लायब्ररीवाले पुस्तक फाटू नये म्हणून कव्हर काढून रेक्झिनची पुठ्ठाबांधणी करून टाकतात, त्यात मलपृष्ठावरचा मजकूर गेला, लेखकाची ओळख गेली, आणि शिवण इतकी आत घेतलेली असते की प्रत्येक ओळीचं टोकाचं अक्षर शिवणीत गडप. असं पुस्तक कपाटापाशीच मधोमध पूर्ण उघडून बघा. शेवटचं अक्षर दिसायला दोन्ही हातांनी दाबून धरावं लागत असेल तर ते रात्री पडून वाचता येणार नाही, कितीही थोर असो. दुसरी प्रत आहे का विचारा.

तिसरं, नावाच्या पानाच्या मागचं पान. तिथे पहिली आवृत्ती कधीची ते असतं. कव्हर नवंकोरं म्हणून पुस्तक नवीन असं नाही. 'कोसला' १९६३ ची, आजही नव्या कपड्यात मिळते आणि आजही पंचविशीतल्या पोराला आपलीच वाटते, ती वाचाच, पण "आजचं" हवं असेल तर ही तारीख बघायची सवय लावा. प्रकाशकाचं नावही तिथेच. मौज, पॉप्युलर, राजहंस, लोकवाङ्मय गृह, शब्द, रोहन ही नावं दिसली की निदान कोणीतरी संपादकाच्या नजरेने वाचून छापलंय एवढं समजायला हरकत नाही.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. मधलं कुठलंही पान उघडा आणि अर्धं पान पुटपुटत वाचा, ओठ हलवून. पहिलं पान नको, पहिल्या पानावर सगळे लेखक नटूनथटून येतात. आपल्याकडे बरेच जण गुजराती नाहीतर इंग्लिश मीडियमला शिकलेले, मराठी घरात बोलून आलेली, शाळेत नाही, आणि देवनागरी हिंदीच्या तासाला शिकलो. डोळ्यांनी वाचायला लागलो की आपण अडखळतो आणि मग वाटतं की पुस्तक अवघड आहे. कानाने वाचलं तर लगेच कळतं. हे वाक्य आपली आत्या बोलेल का, हा माणूस शेजारच्या खोलीत बोलतोय असं वाटतं का. वाटलं तर घ्या. नाही वाटलं तर ठेवून द्या, लेखकाला वाईट वाटणार नाही.

यावरूनच माझा क्रम ठरतो. आपल्या घरच्या बोलण्याच्या जवळ जे आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू लांब जायचं. बक्षिसांच्या क्रमाने नाही, जाडीच्या क्रमाने तर अजिबात नाही.

जवळचं म्हणजे 'शाळा'. २००४ ची कादंबरी, आणीबाणीच्या काळातला नववीतला मुलगा स्वतः सांगतोय, भाषा इतकी बोलती की देवनागरीची भीती दहा पानांत जाते. सिनेमा पाहिला असेल तरी वाचा, तो मुलगा डोक्यात जे बोलत राहतो ते पडद्यावर मावणारं नाही. मग सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्ल्यू', २००६, अगदी बारीक पुस्तक. पुण्यातल्या एका घरात पेइंग गेस्ट येतो आणि भाऊ आणि बहीण दोघंही त्याच्या प्रेमात पडतात, आधी भाऊ सांगतो मग बहीण. दोघांच्या सांगण्यात एकच घर किती वेगळं दिसतं ते बघण्यासारखं आहे. जेरी पिंटोंनी इंग्रजीत आणलीय, तर घरातल्या इंग्लिश मीडियमवाल्या पोरांना इंग्रजी द्या, तुम्ही मराठी घ्या आणि रविवारी जेवताना भांडा. याच्याच आसपास गौरी देशपांडे. वयाने आधीच्या, 'एकेक पान गळावया' १९८० चं, त्यात तीन दीर्घकथा. कादंबरीला वेळ नाही म्हणणाऱ्यांनी ही दीर्घकथा नावाची सोय वापरावी, दोन दुपारींत एक होते. तिच्या नायिका आपल्याकडच्या काकू-मावश्यांना अजूनही आगाऊ वाटतात. छानच आहे ते.

अवधूत डोंगरेचं 'स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट' (२०१२, पुढे साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार) पण लहानसं आहे, नावानेच अर्धे लोक उचलतील. गोष्ट म्हणून जे अपेक्षित असतं ते त्यात नेमकं नाही, तरी एका बैठकीत वाचून होतं. तरुण लेखकांत प्रणव सखदेवची 'काळेकरडे स्ट्रोक्स' शोधा, तिलाही २०२१ चा युवा पुरस्कार आहे.

मधला टप्पा म्हणजे भाषा ओळखीची पण जग अनोळखी. इथे जयंत पवारांना तोड नाही. 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' हा कथासंग्रह, त्याला २०१२ चा साहित्य अकादमी. गिरण्या बंद पडल्यावरचा मुंबईतला गिरणगाव, तिथली माणसं, आणि गोष्ट सांगता सांगता गोष्ट सांगणाऱ्यावरच संशय घ्यायला लावायची त्यांची रीत. एका बैठकीत एकच कथा, दुसरी लगेच सुरू करू नका. बडोद्यातल्या माणसाला गिरण्या बंद पडणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. पवार २०२१ मध्ये गेले, अजून लिहायला हवे होते. कविता महाजनांची 'ब्र' (२००५) स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या बाईच्या नजरेतून आदिवासी भागातल्या सरपंच बायकांची गोष्ट सांगते, ती वाचली की पंचायतीची बातमी पेपरात पूर्वीसारखी वाचता येत नाही. मेघना पेठेंची 'नातिचरामि' पण याच कपाटात असेल, तिच्यातली बाई सरळ तोंडावर बोलते, सासूबाईंसमोर उघडी ठेवू नका किंवा मुद्दाम ठेवा.

नंदा खरेंची 'उद्या' या टप्प्यात घालू का नको असा विचार करत होते, घालतेच. पाळत ठेवणाऱ्या यंत्रणा, कंपन्या, माहितीचा बाजार असा जवळच्या भविष्यातला भारत आहे, आणि नुसतं भविष्य म्हणून वाचायला घेतलं तर थोड्या वेळात लक्षात येतं की यातलं निम्मं आपल्या फोनमध्ये आहे. तिला २०२० चा साहित्य अकादमी जाहीर झाला होता, त्यांनी तो नाकारला.

आणि मग लांबचा टप्पा, बोलीतली कादंबरी. इथेच बडोदेकर बहुतेक गळतात. सदानंद देशमुखांची 'बारोमास' (२००२ ची, २००४ चा अकादमी), वऱ्हाडातला शिकून बेकार राहिलेला शेतकऱ्याचा मुलगा एकनाथ. कृष्णात खोतांची 'रिंगाण', धरणामुळे उठलेलं गाव आणि मागे रानात राहून गेलेली म्हैस, २०२३ चा अकादमी. प्रवीण बांदेकरांची 'चाळेगत', कोकणातली. आसाराम लोमटेंच्या 'आलोक' मधल्या मराठवाड्यातल्या कथा, किरण गुरवांची 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'. यातली बोली आपल्या घरात नाही, आपल्याकडची मराठी राजवाड्याच्या आसपासची, वर गुजरातीचा रंग चढलेली, त्यामुळे पहिल्या पानावर चार शब्द अडतात आणि माणूस पुस्तक मिटतो.

तसं करू नका. अडलेल्या शब्दाला थांबायचं नाही, कोश उघडायचा नाही. संवाद मोठ्याने वाचा, बाकीचं मनात. वीस-पंचवीस पानांत तेच शब्द परत परत येतात आणि कामातून अर्थ कळतो, म्हणजे शेतातलं अवजार असेल तर कोण ते उचलतं, कशाला मारतं, यावरून. शेवटी तीन-चार शब्द उरतात ते कागदावर लिहून कोणाला तरी विचारा, आपल्याकडे नागपूर-अकोल्याहून किंवा कोल्हापूरहून लग्न होऊन आलेली एखादी वहिनी प्रत्येक खानदानात आहेच. तिला फोन करा. आमच्याकडे एका वहिनींना एक शब्द विचारला तर त्यांनी तासभर त्यांच्या गावच्या विहिरीबद्दल सांगितलं, आणि तो शब्द सांगायचा राहूनच गेला. या टप्प्याची सुरुवात कथासंग्रहाने करा, कादंबरीने नाही. एक कथा जमली नाही तर पुढची असते.

श्याम मनोहर कुठल्याच टप्प्यात बसत नाहीत. 'उत्सुकतेने मी झोपलो' (२००८ चा अकादमी) मधली वाक्यं तुटक, छोटी, लहान मुलाला पण वाचता येतील अशी, आणि तरी डोकं गरगरतं. काही जणांना दोन पानांत हसू फुटतं, काही जणांना राग येतो. मधे कोणी नाही. अर्धं पान पुटपुटण्याची परीक्षा यांच्या बाबतीत एकदम पक्की लागू पडते.

जाड्या पुस्तकांचं गणित वेगळं. 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) किंवा रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' (२०१९) घ्यायची तर एकटीच घ्या, बरोबर दुसरं पुस्तक नको, आणि घेतानाच रिन्यूची तारीख फोनमध्ये टाका. 'हिंदू' मध्ये सगळं कथानक धरून ठेवायचा प्रयत्न केलात तर हरलात, खंडेराव वडिलांकडे गावी परत निघालाय एवढं धरा, बाकीचं येऊ द्या तसं. मे महिन्याच्या सुट्टीत किंवा पावसाळ्यात विश्वामित्री नदी चढली की घरात बसावंच लागतं, तेव्हाची सोय. नवरात्रात नेऊ नका, नऊ रात्री गरब्यात जातात आणि दंड भरावा लागतो.

अकादमीची यादी वापरायची असेल तर डोळे उघडे ठेवून वापरा. ती सगळ्या साहित्यप्रकारांची आहे, २०१७ आणि २०१९ ला मराठीत कवितेला मिळाला, २०१८ ला समीक्षेला. २०१२ ते २०२३ मध्ये २०१२, २०१६, २०२०, २०२१, २०२२, २०२३ ही कथा-कादंबरीची वर्षं, २०२२ चं म्हणजे बांदेकरांचं 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'. आणि यादीत सानिया, मेघना पेठे, गौरी देशपांडे कुठेच नाहीत यावरून यादीबद्दल काय समजायचं ते समजा.

हवं ते पुस्तक नाहीच मिळालं तर नुसती मान हलवून परत येऊ नका. सूचनावही मागा. तिच्यात "चांगली मराठी पुस्तकं घ्या" असं लिहिलं तर काही होत नाही, ग्रंथपाल तरी काय ऑर्डर देणार. पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, किंमत, आयएसबीएन असं पूर्ण लिहा, नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये दोन्ही, आणि चार ओळखीच्या मेंबरांना तेच पुस्तक वेगवेगळ्या दिवशी लिहायला सांगा. सरकारी खरेदीत मागणी दिसावी लागते. एकदम दहा नावं देण्यापेक्षा दोन द्या. आणि पुस्तक आलं की ज्यांनी लिहिलं त्यांनी ते खरंच न्यायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी त्या वहीला कोणी किंमत देणार नाही.

तोपर्यंत घरांतली पुस्तकं बाहेर काढा. २०१८ मध्ये ९१ वं साहित्य संमेलन आपल्या बडोद्यात झालं तेव्हा ज्यांनी स्टॉलवरून उत्साहाने पिशव्या भरून पुस्तकं नेली, त्यांच्यातल्या कितींनी ती उघडली ते विचारू नका, मागून आणा. दिवाळी अंक पण सोडू नका. काशिनाथ मित्रांच्या 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये ही प्रथा सुरू केली आणि आजही नव्या कथालेखकाला ओळखायची सगळ्यात स्वस्त जागा तीच, मौज, अक्षर, मुक्त शब्द असे दोन-तीन अंक धुंडाळले की पुढच्या वर्षी कोणाचं पुस्तक मागायचं ते कळतं. वाचनालयात अंक दिवाळीनंतर दोन महिने हातोहात फिरत असतात, फेब्रुवारीत जा, सगळे परत आलेले असतात आणि कोणी मागत नाही.